केमो चालू असताना डोळ्यांची काळजी: बाहेरून येणारे विषाणू आणि आतच दडून बसलेले

केमोथेरपी सुरू झाली की घरात सॅनिटायझरच्या बाटल्या येतात, भेटायला येणाऱ्यांना फोनवरच थांबवले जाते, बाहेरचे खाणे बंद होते. हे सगळे बरोबरच आहे. पण डोळ्यांच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. केमोच्या रुग्णाच्या डोळ्याला ज्या विषाणूंपासून मोठा धोका असतो, त्यांतले बरेचसे त्याच्या शरीरात आधीपासूनच मुक्कामाला असतात. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या असतील, तर तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर राहतो आणि पुढे नागीण होऊन उठू शकतो. तापानंतर ओठावर पुरळ उठते, त्या नागीण कुळातल्या दुसऱ्या विषाणूचेही, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्सचेही, तसेच. तिसरा सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही. भारतात दहातल्या नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

या तिघांना हात धुऊन अडवता येत नाही. त्यांच्यासाठी गोळी, लस आणि वेळेवर तपासणी लागते. बाहेरून येणाऱ्यांसाठी मात्र हात धुणेच लागते, आणि तिथे सॅनिटायझर अनेकदा कमी पडतो.

'काउंट नॉर्मल आला' याचा अर्थ

केमो देतात त्या डे-केअर विभागात रोज ऐकू येणारे वाक्य म्हणजे 'काउंट कमी झालाय' किंवा 'काउंट वाढवायचे इंजेक्शन दिले'. हा काउंट बहुतेक वेळा न्यूट्रोफिल या पेशींचा असतो. त्या प्रामुख्याने जिवाणू आणि बुरशीशी लढतात. बऱ्याच औषधांनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान त्या तळाला जातात आणि पुढच्या सायकलपर्यंत, म्हणजे केमोच्या पुढच्या फेरीपर्यंत, सावरतात. पोटावर किंवा दंडावर टोचतात ते इंजेक्शन याच पेशी वाढवते.

आत दडलेल्या विषाणूंवर पहारा ठेवतात त्या लिम्फोसाइट, त्यातही टी-पेशी. त्या इंजेक्शनने त्यांची संख्या वर येत नाही. फ्लुडाराबिन किंवा बेंडामस्टिन ही केमोची औषधे घेतल्यानंतर टी-पेशी कित्येक महिने कमी राहू शकतात. म्हणजे रिपोर्टमधला 'टीएलसी' (एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा) छान दिसत असतानाही नागीण उठू शकते. रिपोर्ट हातात आला की ॲब्सोल्यूट लिम्फोसाइट काउंटची ओळही पाहा आणि डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगासाठी नेहमीची केमो घेणाऱ्यांपेक्षा लिम्फोमा, ल्युकेमिया, मायलोमा या रक्ताच्या कर्करोगांच्या आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या रुग्णांचा धोका बराच मोठा असतो. दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असणारेही याच गटात येतात.

बाहेरून येणारे: अडिनो आणि एन्टेरो

पावसाळ्यात डोळ्यांची साथ येते ती बहुधा अडिनोव्हायरस किंवा एन्टेरोव्हायरस या दोघांपैकी एकामुळे. 2023 च्या जुलैमध्ये आळंदीतल्या शाळकरी मुलांचे डोळे आल्याची बातमी आली आणि बघता बघता राज्यभर रुग्णांची संख्या लाखांवर गेली. तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासलेल्या नमुन्यांत एन्टेरोव्हायरस सापडला होता. धडधाकट माणसाचा असा डोळा आठवड्या-दोन आठवड्यांत आपला आपण बरा होतो. केमोच्या रुग्णात तो लांबतो. अडिनोव्हायरस बुबुळापर्यंत पोचला तर पारदर्शक पडद्यावर बारीक डाग उरतात आणि नजर महिनोन्‌महिने धूसर राहते. शिवाय डोळे आल्यामुळे पुढची सायकल पुढे ढकलावी लागली तर ते नुकसान वेगळेच.

या दोन्ही विषाणूंना बाहेरून चरबीचे आवरण नसते. अल्कोहोलचा मारा मुख्यतः त्या आवरणावर असतो. म्हणून करोनासाठी उत्तम असलेला सॅनिटायझर इथे भरवशाचा नाही. साबण आणि वाहते पाणी घ्या, किमान 20 सेकंद चोळा आणि अंगठा, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या सोडू नका. विषाणू साबणाने मरतो असे नाही, तो धुऊन निघून जातो, म्हणून पाणी वाहतेच हवे. बादलीत किंवा तांब्यात बोटे बुडवून उपयोग नाही. सॅनिटायझर प्रवासापुरता असू द्या.

अडिनोव्हायरस कोरड्या प्लास्टिकवर किंवा धातूवर काही आठवडे तग धरतो. दाराची कडी, नळ, टीव्हीचा रिमोट, मोबाइल, लिफ्टचे बटण असा त्याचा प्रवास होतो आणि शेवटचा टप्पा नेहमी आपलेच बोट पार पाडते. डोळे आलेल्या माणसाकडे नुसते पाहिल्याने डोळे येत नाहीत, आणि त्याने काळा चष्मा लावला म्हणून संसर्ग थांबतही नाही. चष्म्याचा उपयोग उजेड सहन व्हावा एवढाच. केमोच्या रुग्णाने मात्र साधा चष्मा जरूर वापरावा, नंबर नसला तरी. डोळ्याकडे नकळत जाणारा हात काचेला अडतो.

घरात दुसऱ्या कुणाचे डोळे आले तर दोन आठवडे धरून चाला. त्या माणसाची खोली शक्य असेल तर वेगळी, उशी आणि टॉवेल तर वेगळेच. रुग्णाचा टॉवेल दोरीवरही इतरांच्या टॉवेलला लागून वाळत घालू नका. उशीचा अभ्रा रोज बदला, कडकडीत पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा आणि उन्हात वाळवा. नळ, कड्या, बेसिन यांसाठी बाजारातले सुमारे 5 टक्के ताकदीचे लिक्विड ब्लीच एक वाटी आणि पाणी नऊ वाट्या असे मिश्रण करा, पुसल्यावर 10 मिनिटे ओले राहू द्या आणि मग साध्या पाण्याने पुसा. मिश्रण रोज ताजे करा, कारण दुसऱ्या दिवशी त्याची ताकद उतरलेली असते. त्यात टॉयलेट क्लीनरचे ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. हे काम रुग्णाने करायचे नाही आणि त्या वेळी तो त्या खोलीत नसावा.

मुंबईत उपचारासाठी महिनोन्‌महिने राहणारे रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी किंवा नातेवाइकांच्या एका खोलीत उतरतात. तिथे वेगळी खोली कुठून आणायची? मग तीन गोष्टी तरी निक्षून पाळा. टॉवेल आपला आपण बाळगायचा, सामाईक नळाला हात लावल्यावर चेहऱ्याला हात लावण्याआधी साबण, आणि झोपताना डोळे आलेल्या माणसाच्या डोक्याशी डोके येणार नाही अशी अंथरुणाची दिशा.

डोळ्यांच्या दवाखान्यातूनही अडिनोव्हायरस पसरतो. डोळ्याचा दाब मोजताना बुबुळाला टेकणारे उपकरण आणि एकाच बाटलीतून सगळ्यांना घातले जाणारे थेंब यांतून साथी पसरल्याची उदाहरणे जगभर आहेत. साथीच्या दिवसांत जायचे असेल तर आधी फोन करा, 'केमो चालू आहे, बाहेर गर्दीत बसवू नका' असे सांगा, आणि तपासणाऱ्याने हात धुतले का, उपकरणाचे टोक निर्जंतुक आहे का, हे विचारायला लाजू नका. चांगल्या दवाखान्यात याचा कुणाला राग येत नाही.

मेडिकलमधून आणलेला थेंब

केमोच्या रुग्णाचा डोळा बिघडतो तो अनेकदा विषाणूपेक्षा या थेंबामुळे. डोळा लाल झाला, घरातले कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, दुकानदाराने 'यानं लगेच बरं वाटेल' म्हणून बाटली दिली. खरोखरच एका दिवसात लाली उतरते, कारण त्यात अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असते. लाली उतरली म्हणून सगळे निर्धास्त होतात. पण तो डोळा हर्पिसचा असेल तर स्टेरॉइडमुळे विषाणूला मोकळे रान मिळते. बुबुळावरची फांद्यांसारखी बारीक जखम पसरत जाऊन नकाशासारखी रुंद होते आणि पुढे बुबुळाचा पारदर्शक पडदा पांढरा पडतो.

बाटलीवरच्या बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल किंवा डायफ्लुप्रेडनेट यांतले काही आहे का ते वाचा. अँटिबायोटिकच्या नावामागे डी किंवा डीएम जोडलेले असेल तरी बहुधा स्टेरॉइड असते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिल्याशिवाय अशी बाटली उघडायची नाही. नुसत्या अँटिबायोटिकचा विषाणूवर परिणामच होत नाही. त्यातही क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब टाळावेत, कारण ते औषध क्वचित अस्थिमज्जेला इजा करते आणि केमोने ती आधीच दबलेली असते.

याला एक अपवाद आहे आणि तो ध्यानात ठेवायलाच हवा. ल्युकेमियासाठी सायटाराबिन मोठ्या डोसमध्ये देतात तेव्हा ते अश्रूंत उतरते आणि डोळ्याच्या पृष्ठभागाच्या पेशींना इजा करते. ते टाळण्यासाठी ऑन्कॉलॉजिस्ट स्वतःच स्टेरॉइडचे थेंब डोस सुरू होण्याआधीपासून आणि संपल्यानंतरही दोन-तीन दिवस घालायला सांगतात. ते थेंब वरचे वाचून बंद करू नका. तीच उरलेली बाटली महिन्याभराने लाल झालेल्या डोळ्यात घालणे मात्र घातक.

गुलाबपाणी, मध, त्रिफळ्याचे पाणी, तुपात धरलेले काजळ, अंगावरचे दूध यांपैकी काहीही केमोच्या काळात डोळ्यात घालू नका. निर्जंतुक नसलेला एक थेंबही इथे महाग पडतो.

नागीण: कपाळावरची आग

नागिणीचा विषाणू चेहऱ्याच्या वरच्या मज्जातंतूतून बाहेर पडला की कपाळ, वरची पापणी आणि नाकाच्या शेंड्यापर्यंतचा भाग धरतो, तोही एकाच बाजूचा. पुरळ उठण्याआधी दोन-चार दिवस त्या बाजूला आग होते, कातडी दुखरी होते, उशीचा स्पर्शही नको वाटतो. केमोत डोकेदुखी नवी नसते, म्हणून हे दिवस वाया जातात. एकाच बाजूची, कातडीला नुसते बोट लावताच झोंबणारी वेदना ही नागीण समजूनच डॉक्टरांना कळवा. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूवर फोड दिसला तर डोळ्याच्या आत शिरकाव होण्याची शक्यता फार वाढते, कारण नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकाच मज्जातंतूची फांदी जाते.

गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू व्हाव्यात असा नियम आहे: असायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर 1 ग्रॅम तीन वेळा, सात ते दहा दिवस. पांढऱ्या पेशी फार कमी असतील किंवा पुरळ एका पट्ट्याबाहेर पसरले असेल तर ॲडमिट करून शिरेतून औषध देतात. 72 तास उलटले तरी केमोच्या रुग्णात उपचार सोडत नाहीत. हे आकडे डॉक्टरांशी बोलताना समजावेत म्हणून दिले आहेत. डोस मूत्रपिंडाच्या ताकदीवर, म्हणजे क्रिएटिनिनवर ठरतो, आणि सिसप्लाटिन किंवा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत तो हिशेब वेगळा असतो. मनाने सुरू करू नका. चालू असताना पाणी भरपूर प्या.

नागिणीवर गेरू, शेण किंवा कसलाही लेप लावू नका. 'वेढा पूर्ण झाला की माणूस जातो' ही भीती निराधार आहे, पण तिच्यापायी उतारा शोधण्यात गेलेले तीन दिवस डोळ्याच्या मुळावर येतात. फोड ओले असेपर्यंत त्यातला विषाणू दुसऱ्याला कांजिण्या देऊ शकतो. म्हणून डे-केअरमध्ये पाऊल टाकण्याआधी सिस्टरना फोनवर सांगा, शेजारच्या खुर्चीवरही केमोचाच रुग्ण असतो.

आता प्रतिबंध. मायलोमासाठी बोर्टेझोमिब घेणाऱ्यांत नागीण किती वाढते हे एका मोठ्या चाचणीत दिसले: बोर्टेझोमिबच्या गटात 13 टक्के, नुसत्या डेक्सामेथासोनच्या गटात 5 टक्के. म्हणून आता या औषधासोबत असायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा दोनदा रोज देतात, आणि मूळ औषध थांबल्यावरही काही काळ चालू ठेवतात. फ्लुडाराबिन, बेंडामस्टिन, ट्रान्सप्लांट यांतही असा विचार होतो. अनेक रुग्ण ही गोळी 'छोटीशी, जास्तीची' म्हणून मध्येच सोडून देतात. औषधांच्या पिशवीतली हीच गोळी डोळा वाचवणारी असते.

लसही आहे. नागिणीवरची रिकॉम्बिनंट लस 2023 पासून भारतात मिळते. ती जिवंत विषाणूची नाही, म्हणून केमोच्या रुग्णालाही चालते. दोन डोस लागतात. एरवी दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने देतात, प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांत एक-दोन महिन्यांवर आणता येते. शक्यतो पहिला डोस केमोच्या आधी व्हावा, पण लसीसाठी केमो लांबवू नये. महाग आहे हे खरे. मायलोमा किंवा लिम्फोमाच्या पन्नाशीपुढच्या रुग्णाने तरी परवडत असेल तर घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्याला कांजिण्या कधी झाल्याच नाहीत आणि लसही घेतली नाही, असा रुग्ण कांजिण्यांच्या मुलाच्या सान्निध्यात आला तर त्याच दिवशी रुग्णालयाला कळवा. इम्युनोग्लोब्युलिनचे (तयार प्रतिपिंडांचे) इंजेक्शन दहा दिवसांच्या आत, जितके लवकर तितके बरे. ते न मिळाल्यास गोळ्यांचा पर्याय असतो.

हर्पिस सिम्प्लेक्स

हा बहुधा एका डोळ्याला होतो. पाणी येते, उजेड सोसत नाही, कचकच होते. फसवणारी गोष्ट म्हणजे बुबुळाची संवेदना बोथट झाल्याने दुखणे जखमेच्या मानाने कमी असते. डॉक्टर पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहतात तेव्हा जखमेच्या फांद्या हिरव्या चमकतात. आधी कधी हा त्रास झाला असेल, दहा वर्षांपूर्वी का होईना, तर केमो सुरू होण्याआधी सांगा. निरोगी प्रतिकारशक्तीच्या लोकांवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा वर्षभर दिल्यावर डोळ्याचा हर्पिस उलटण्याचे प्रमाण 32 टक्क्यांवरून 19 टक्क्यांवर आले होते. केमोत त्याच तत्त्वावर गोळी चालू करतात. ओठावर पुरळ उठले असेल तर त्याला हात लावून तोच हात डोळ्याला लावू नका.

सीएमव्ही: न दुखणारा, लाल न होणारा

तिघांत आम्हाला सर्वात जास्त काळजी याची वाटते, कारण डोळा बाहेरून स्वच्छ पांढरा दिसतो. आतला पडदा (रेटिना) मात्र कडेपासून मरत येतो. रुग्णाला नजरेसमोर काळे कण, जाळे, धूर तरंगल्यासारखे दिसते, चमका येतात किंवा एका बाजूचे दिसत नाही. ॲलोजेनिक (दुसऱ्याच्या पेशी घेऊन केलेला) ट्रान्सप्लांट झालेले आणि ल्युकेमियाच्या मेंटेनन्स, म्हणजे आजार आटोक्यात ठेवण्याच्या लांब उपचारावर असलेली मुले यांच्यात हा जास्त दिसतो. मूल तक्रार करत नाही. ते टीव्हीजवळ सरकते, पायरी चुकते, हाताशी ठेवलेली वस्तू चाचपडते.

यावर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या आहेत, पण त्या स्वतःच पांढऱ्या पेशी कमी करतात. म्हणून डोळ्यांचे आणि कर्करोगाचे डॉक्टर मिळून डोस ठरवतात, कधी इंजेक्शन थेट डोळ्यातच देतात. ट्रान्सप्लांटनंतर रक्तातला सीएमव्ही ठरावीक दिवसांनी मोजतात, ती तपासणी चुकवू नका. जास्त धोक्याच्या गटात बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी कधी आणि किती दिवसांनी करायची हे आधीच ठरवून घ्या. थेंब घातल्यावर चार-सहा तास धूसर दिसते, सोबत माणूस हवा. प्लेटलेट कमी असल्या तरी ही तपासणी करता येते.

पापण्या, थेंब, लेन्स

प्रत्येक लाल डोळा विषाणूचा नसतो. डोसिटॅक्सेलने अश्रूंची नळी आकसते, फाइव्ह-एफयू आणि कॅपेसिटाबिनने सतत पाणी येते, पापण्यांचे केस गळाले की धूळ सरळ आत जाते. यांत बहुधा दोन्ही डोळे बिघडतात. पण चोळून चोळून पृष्ठभाग सोलवटला की विषाणूला वाट सापडते. म्हणून डॉक्टरांना विचारून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंसारखे थेंब, एकदाच वापरायच्या छोट्या कुपीत मिळतात ते, वापरा. कॉन्टॅक्ट लेन्स केमो संपेपर्यंत बंद. खोट्या पापण्या आणि त्यांचा गोंदही नको.

पापण्या पुसायला उकळून गार केलेले पाणी आणि कापूस घ्या. नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवा, प्रत्येक डोळ्याला नवा बोळा. थेंब घालताना मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खळगा करा, बाटलीचे टोक पापणीला किंवा केसाला टेकू देऊ नका. एकच थेंब घाला, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून धरा. दुसरे औषध पाच मिनिटांनी. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहा, 28 दिवसांनी टाकून द्या. संसर्ग एका डोळ्याला असेल तर दुसऱ्यासाठी वेगळी बाटली.

रोज सकाळी एक तपासणी घरीच करा. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर ठरलेल्या जागी उभे राहा, वाचायचा चष्मा असेल तर लावा, एक डोळा तळहाताने झाका आणि तारखेच्या खालची बारीक अक्षरे वाचा. मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असले की एका डोळ्याचे अपयश दुसरा झाकून घेतो, म्हणून एकेकच. काल वाचता आलेली ओळ आज वाचता येत नसेल, तर वाट पाहू नका.

तसेच डोळा आतून दुखणे, उजेड न सोसणे, नवे काळे कण, चमका, कपाळावर किंवा नाकावर फोड यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. सोबत ताप 38.3 अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे 101 फॅरनहाइट, एकदा जरी भरला, किंवा 38 वर तासभर टिकला, तर आधी कर्करोग रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा, डोळा तिथेच दाखवता येईल. जाताना शेवटचा सीबीसी (रक्तपेशींचा रिपोर्ट), चालू औषधांची यादी, केमोच्या औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख सोबत न्या, आणि डोळ्यात काही घातले असेल तर ती बाटलीही, रिकामी असली तरी.